मध्यरात्री धक्का डहाणूत, वेबसाइटवर तारीख मात्र कालची: सर्व्हरवरचे 'ग्लोबल ऑब्जेक्ट' म्हणजे काय?

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन वारंवार हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर लोक थंडीच्या दिवसांत घर सोडून तंबूत झोपले. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून बाहेर धावताना पडल्याने दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला.

या धक्क्यांची टाइमलाइन दाखवणारं एक छोटं वेब पान मी बनवत होते. लॅपटॉपवर सगळं ठीक चाललं होतं. पान सर्व्हरवर चढवलं आणि चाचणीसाठी 'रात्री दीड वाजता' अशी एक नोंद टाकली. पानावर तारीख दिसली आदल्या दिवशीची, वेळ रात्री आठची!

कोड तोच, माहिती तीच. मग चुकलं काय? उत्तर शोधताना मी पोहोचले 'ग्लोबल ऑब्जेक्ट' नावाच्या गोष्टीपाशी. तुम्ही वापरता त्या कित्येक वेबसाइट आणि ॲप यांच्याच भरवशावर चालतात. म्हणून हे समजून घेऊ, अगदी सोप्या भाषेत.

आधी हे सांगा, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट कशी आली?

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली. तिचं घर होतं ब्राउझर. बटण दाबलं की मेनू उघडणं, फॉर्म तपासणं, अशी तिची कामं.

२००९ मध्ये रायन डाल यांनी क्रोम ब्राउझरचं 'व्ही-८' हे इंजिन घेतलं आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, थेट सर्व्हरवर चालवणारं 'नोड जेएस' आणलं. अशा व्यवस्थेला 'रनटाइम' म्हणतात. म्हणजे कोड जिथे चालतो ते घर.

घर बदललं की घरातल्या वस्तूही बदलतात. ब्राउझरमध्ये 'विंडो' आणि 'डॉक्युमेंट' असतात, कारण तिथे खिडकी आहे, पान आहे. सर्व्हरला स्क्रीनच नाही. त्यामुळे नोडमध्ये 'डॉक्युमेंट' मागितलं, तर अशी वस्तूच इथे नाही म्हणून प्रोग्राम एरर देतो. त्याऐवजी तिथे दुसऱ्या वस्तू तयार ठेवलेल्या असतात.

मग ग्लोबल ऑब्जेक्ट म्हणजे नेमकं काय?

पाड्यावरचा हापसा आठवा. पाणी हवं असेल तर कुणाच्या घरी जाऊन मागावं लागत नाही. हंडा घेऊन जायचं, हापसायचं, भरायचं. तो सगळ्यांचा असतो. उलट तुमच्या घरातला माठ फक्त तुमचा.

प्रोग्राममध्येही तसंच आहे. बरीचशी साधनं आधी 'इम्पोर्ट' करून आणावी लागतात. पण काही साधनं कुठल्याही फाइलमधून, न मागता, थेट नाव घेऊन वापरता येतात. तेच ग्लोबल ऑब्जेक्ट. ती ज्या एका मोठ्या वस्तूला टांगलेली असतात, तिला नोडमध्ये 'ग्लोबल' म्हणतात आणि ब्राउझरमध्ये 'विंडो'. दोन ठिकाणी दोन नावं असल्याने गोंधळ व्हायचा. म्हणून जावास्क्रिप्टच्या २०२० च्या आवृत्तीत 'ग्लोबलधिस' हे सगळीकडे चालणारं एकच नाव ठरवलं गेलं.

नोडच्या हापशावर काय काय मिळतं?

*कन्सोल:* प्रोग्राम आत काय करतोय हे लिहून दाखवणारी वही. चूक शोधताना पहिली हाक यालाच.

*प्रोसेस:* चालू प्रोग्रामची कुंडली. किती वेळ चालतोय, किती मेमरी खातोय, कोणत्या सेटिंगवर सुरू झाला, सगळं इथे. यातल्या 'एन्व्ह' या कप्प्यात बहुतेक वेळा डेटाबेसचा पासवर्ड आणि गुप्त चाव्याही ठेवतात. म्हणूनच हा अख्खा कप्पा कन्सोलवर छापणं म्हणजे तिजोरीची चावी फळ्यावर टांगणं.

*टाइमर:* 'सेटटाइमआउट' म्हणजे इतक्या वेळाने एकदा कर, 'सेटइंटरव्हल' म्हणजे दर इतक्या वेळाने करत राहा.

*फेच:* दुसऱ्या सर्व्हरवरून माहिती आणणारा निरोप्या. हा ब्राउझरमध्ये आधीपासून होता. नोडमध्ये तो २०२२ साली आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून आपोआप मिळू लागला. त्याआधी वेगळं पॅकेज लावावं लागायचं.

*बफर:* कच्च्या बाइट्सचा डबा. मराठी वाचकांनी याच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं.

मराठीशी याचा काय संबंध?

'डहाणू' हा शब्द घ्या. डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ती सांगते पाच, कारण काना आणि उकार ती वेगळे मोजते. आणि बफरमध्ये टाकून बाइट मोजले तर भरतात १५, कारण यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'तलासरी' घेते १८. हेच डहाणू रोमन लिपीत लिहिलं तर सहा बाइटमध्ये काम होतं.

आता एखाद्याने इंग्रजीचा हिशेब धरून 'नाव पहिल्या १० बाइटवर कापा' असा कोड लिहिला, तर डहाणूचं काय होईल? 'डहा' उरेल आणि पुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह येईल, कारण 'ण' मधोमध कापला गेला. काही ॲपमध्ये गावाचं मराठी नाव अर्धवट तुटलेलं दिसतं, त्यामागचं एक कारण हे असू शकतं. कापायचं असेल तर बाइटवर नाही, अक्षरावर कापायला हवं.

पण तारीख का चुकली?

जावास्क्रिप्टमध्ये 'डेट' नावाचा ग्लोबल ऑब्जेक्ट आहे. तो आत वेळ साठवतो एका मोठ्या आकड्याच्या रूपात: १ जानेवारी १९७० पासून किती मिलिसेकंद झाले. हा आकडा जगभर सारखाच असतो.

अडचण येते ती दाखवताना. वेगळं काही सांगितलं नाही, तर 'डेट' ज्या मशीनवर चालतोय तिथलं घड्याळ धरतो. माझ्या लॅपटॉपवर भारतीय वेळ होती. सर्व्हर मात्र साधारणपणे यूटीसी वेळेवर लावलेले असतात, आणि भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास आहे.

म्हणजे डहाणूत रात्रीचा दीड वाजला, तेव्हा यूटीसीमध्ये आदल्या दिवशीचे रात्रीचे आठच वाजलेले असतात. मध्यरात्री १२ ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक नोंद अशी एक दिवस मागे जाते.

आता विचार करा. रात्री जमीन हादरली म्हणून लेकरं घेऊन अंगणात बसलेला माणूस सकाळी फोनवर बघतो: आजच्या तारखेला काहीच नोंद नाही. मग तो व्हॉट्सॲपवर आलेल्या 'सरकार लपवतंय' या फॉरवर्डवर विश्वास ठेवणार नाही तर काय? भूकंपाच्या बातमीत तारीख ही किरकोळ बाब नसते. अफवा नेमकी अशाच फटीतून शिरते.

उपाय सोपा आहे. साठवताना तो मिलिसेकंदांचा आकडाच साठवा. दाखवताना 'इंटल' या दुसऱ्या ग्लोबल ऑब्जेक्टला स्पष्ट सांगा: टाइमझोन 'एशिया/कोलकाता', भाषा मराठी. मग तारीख बरोबर येते, आणि आकडेही देवनागरी येतात. सर्व्हर मुंबईत असो की अमेरिकेत, फरक पडत नाही.

सगळ्यांचं ते आपलं, यात धोका काय?

हापशात कुणी घाण टाकली, तर अख्खा पाडा आजारी पडतो. ग्लोबलचंही तसंच.

ब्राउझरमध्ये प्रत्येकाचा टॅब वेगळा असतो. तुमच्या टॅबमधली ग्लोबल गोष्ट शेजाऱ्याला दिसत नाही. पण सर्व्हरवर नोडची एकच प्रोसेस एकाच वेळी शेकडो लोकांना उत्तर देत असते. त्या सगळ्यांसाठी ग्लोबल एकच!

समजा, एका मदत नोंदणीच्या पानावर कुणी 'सध्याचं गाव' ही माहिती ग्लोबलला टांगली. तलासरीच्या बाईंनी फॉर्म पाठवला, गाव झालं तलासरी. कोड डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत थांबला. तेवढ्यात डहाणूच्या एकाने फॉर्म पाठवला, गाव झालं डहाणू. डेटाबेसचं उत्तर आलं, बाईंचा फॉर्म पुढे सरकला आणि नोंद झाली... डहाणूच्या नावाने.

गंमत म्हणजे, एकट्याने तपासून बघितलं तर ही चूक कधीच सापडत नाही. दोन माणसं एका वेळी आली तरच ती होते. म्हणजे गर्दीच्या दिवशी, ज्या दिवशी चूक परवडत नाही, नेमकी त्याच दिवशी. म्हणून एका माणसाची माहिती त्या माणसाच्या फंक्शनमध्येच ठेवायची. माठातलं पाणी माठातच.

बरं, हे नकळतही होऊ शकतं. जुन्या पद्धतीच्या कोडमध्ये 'कॉन्स्ट' किंवा 'लेट' लिहायला विसरलात, तर जावास्क्रिप्ट ते नाव गुपचूप ग्लोबल करून टाकते. 'स्ट्रिक्ट मोड'मध्ये आणि नव्या ईएस मॉड्यूलमध्ये मात्र तिथेच एरर येतो, आणि तो आलेलाच बरा.

ही डोकेदुखी फक्त नोडची नाही. पीएचपी भाषेत 'रजिस्टर ग्लोबल्स' नावाची सोय होती. वेब पत्त्यात कुणी काहीही लिहिलं की ते थेट प्रोग्रामचं ग्लोबल व्हेरिएबल व्हायचं! २००२ मध्ये ती आपोआप सुरू राहणं बंद झालं आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत ती पूर्णपणे काढून टाकली गेली.

टाइमरमध्ये काय दडलंय?

टाइमरला जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मिलिसेकंद सांगता येतात. म्हणजे पावणेपंचवीस दिवसांहून थोडं जास्त. तुम्ही ३० दिवस सांगितले, तर नोड ते एक मिलिसेकंद धरतो. 'सेटटाइमआउट' असेल तर काम महिन्याऐवजी लगेच होतं. 'सेटइंटरव्हल' असेल तर ते सेकंदाला शेकडो वेळा होत राहतं. महिन्यातून एकदा जायचा 'तंबूची ताडपत्री तपासा' हा मेसेज असा सुटला तर? लोक नंबर ब्लॉक करतील, आणि पुढचा खरा इशाराही कुणी वाचणार नाही.

शिवाय सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की चालू टाइमर पुसले जातात. त्यामुळे लांबच्या तारखांची कामं 'क्रॉन'सारख्या वेळापत्रकावर टाकतात.

ग्लोबल वाटतं, पण नाही

नोडमध्ये 'रिक्वायर', 'मॉड्यूल' आणि 'डिरनेम' ही नावंही कुठेही चालताना दिसतात. पण ती ग्लोबल नाहीत. नोड प्रत्येक फाइलला एका फंक्शनच्या वेष्टनात गुंडाळतो आणि ही नावं आत सरकवतो. 'आमची पडवी' असं प्रत्येक घरात म्हणतात, पण पडवी ज्याची त्याची वेगळी, तसं. म्हणून 'डिरनेम' प्रत्येक फाइलमध्ये तिच्याच फोल्डरचा पत्ता सांगतो. नव्या ईएस मॉड्यूलमध्ये हे वेष्टन नसतं, आणि जुना कोड तिकडे नेला की ही नावं सापडत नाहीत.

थोडक्यात काय लक्षात ठेवायचं?

तुम्ही कोड लिहित असाल तर: ग्लोबलवरून घ्या, पण ग्लोबलवर शक्यतो ठेवू नका. वेळ दाखवताना टाइमझोन लिहा. मराठी मजकूर बाइटवर कापू नका.

आणि तुम्ही फक्त वाचक असाल तर: भूकंपाची नोंद बघताना तारखेशेजारी 'आयएसटी' लिहिलंय की 'यूटीसी' हे बघा. यूटीसी असेल तर साडेपाच तास मिळवा. रात्रीचा धक्का नोंदीत दिसला नाही, तर फॉरवर्ड करण्याआधी आदल्या तारखेत एकदा डोकावा. बहुतेक वेळा तो तिथेच सापडेल.