होडीच्या यंत्राची टाकी व इंधन

कोकणच्या खाडीमुखाशी ओहोटीच्या ओढीत यंत्र बंद पडले, तर होडीतील माणसांचा जीव धोक्यात येतो. याचे एक कारण इंधनातील पाणी होय. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते दमट हवेतील पाणी शोषते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी बसते, वंगणाचे तेल मात्र वर पेट्रोलात राहते. नळी तळातूनच इंधन ओढते, म्हणून टू-स्ट्रोक यंत्र तेलावाचून बिघडते.

यास्तव होडीसाठी बनविलेली, घट्ट झाकणाची टाकी घ्यावी. पत्र्याचा डबा गंजतो. पेट्रोल ताजे व लागेल तेवढेच घ्यावे. तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. ५० ला १ असल्यास लिटरमागे २० मिलिलिटर. टाकी किनाऱ्यावर उतरवून भरावी. निघताना झाकणावरील हवेचा स्क्रू उघडण्यास विसरू नये. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही माहिती होडीवाल्या बंधूंना पावसाळ्यापूर्वीच समजावून द्यावी.