ठिणगी की दाब?

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर कान द्या. कापडाचे तागे लादलेला ट्रक खडखडत निघतो, स्कूटर गुणगुणत. असे का? स्कूटरच्या सिलिंडरात पेट्रोल व हवेचे मिश्रण सुमारे १० पट दाबून ठिणगीने पेटवतात. रूडोल्फ डीझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वी केलेल्या एंजिनात ठिणगीच नाही. नुसती हवा १५ ते २० पट दाबली, की इतकी तापते की फवारलेले इंधन आपोआप भडकते. म्हणून ती खडखड! जास्त दाबामुळे इंधन कमी लागते. पण एंजिन जड होते. काजळीलाही गाळणी हवी, नाही तर ती आपल्याच फुप्फुसांत जाते. ओझे व लांब पल्ला असेल, तर डिझेल. गर्दीतून चपळपणे हिंडण्याची मौज हवी, तर पेट्रोल. तुम्ही कोणते निवडाल?