टाकीतला समुद्र

उल्हासनगरला समुद्र नाही, टाक्या मात्र भरपूर. पाणी येईल तेव्हा साठवून ठेवायचे, हा आमच्या कॅम्प २ मधला जुना शिरस्ता. मे महिन्यात दुपारी नळ सोडला की हात पोळतो आणि पहाटे तेच पाणी गार लागते. काही वर्षांपूर्वी याच गच्चीवर मी एक खुळेपणा केला. बाजारातून जिवंत तिसऱ्या आणल्या, प्लास्टिकच्या निळ्या पिंपात खडेमीठ घालून पाणी केले, त्यात त्या सोडल्या आणि पाणी तापेल तसे त्यांचे काय होते ते वहीत टिपायचे ठरवले. मी वाणिज्य शाखेचा. सागरी जीवशास्त्र जे काही शिकलो ते रद्दीतली पुस्तके आणि नंतर शोधनिबंध वाचून. तिसऱ्या दिवशी सगळ्या शिंपल्या वासून पडल्या आणि वास जिना उतरून खाली गेला. खालच्या मजल्यावरच्या सिंधी मावशींनी विचारले, "भैया, ऊपर क्या मरा है?"

काय मेले ते सांगता आले, कशाने मेले ते सांगता येईना. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. शिंपल्यांच्या उत्सर्गातून अमोनिया साठतो. ऊन पाणी उडवते, म्हणून खारटपणा वाढतो. शिवाय खडेमिठाचे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे प्रमाण जुळत नाही. चार आरोपी, साक्षीदार एकही नाही. न तापवलेले दुसरे पिंप शेजारी ठेवायला हवे होते, हे मला तेव्हा सुचले नाही. हवामानबदलाचा समुद्री जिवांवर होणारा परिणाम तपासणारे लोक उघड्यावरच्या टाक्यांचा एवढा खटाटोप का करतात, ते मला त्या वासाने शिकवले.

प्रयोगशाळेतल्या काचपात्रात तापमान हवे तसे धरून ठेवता येते. पण तिथे ना ऊन, ना ढग, ना भरती-ओहोटीबरोबर येणारे अन्न. खुल्या समुद्रात हे सगळे असते. पण अर्धा समुद्र तापवून उरलेला अर्धा तुलनेला ठेवता येत नाही. या दोहोंमधली वाट म्हणजे किनाऱ्यावर, उघड्या आकाशाखाली मांडलेल्या टाक्या. पंपाने समुद्राचे पाणी सतत आत येते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाते, त्यामुळे अमोनिया साठत नाही. काही टाक्यांत तापक बसवतात. काहींच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मिसळून ते आम्लतेकडे झुकवतात. काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. एकेका प्रकारच्या अनेक टाक्या ठेवतात, म्हणजे एखादी टाकी योगायोगाने बिघडली तरी निष्कर्ष बिघडत नाही. शास्त्रज्ञ याला मेसोकॉझम म्हणतात. मी त्याला मधले विश्व म्हणतो.

या टाक्यांची मला सर्वांत भावलेली कथा हवाईतली आहे. ओआहू बेटाच्या कनेओहे उपसागरात कोकोनट आयलंड नावाचे छोटे बेट आहे आणि त्यावर हवाई विद्यापीठाची सागरी जीवशास्त्र संस्था. १९७० मध्ये स्टीफन कोल्स आणि पॉल जोकिएल यांनी इथे प्रवाळ तापवून पाहिले. तेव्हा जागतिक तापमानवाढीची चर्चा फारशी नव्हती. त्या काळातला प्रश्न साधा होता: वीजकेंद्रातून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने प्रवाळांचे काय होते? ओआहूवरच्या काहे पॉइंटच्या वीजकेंद्राजवळही या दोघांनी हेच तपासले. आपल्याकडचे तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ चे, तेही समुद्राच्याच पाण्याने थंड होणारे; म्हणजे प्रश्न तेवढा परका नाही.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हातून अन्न तयार करते आणि बिऱ्हाडाचे भाडे द्यावे तसे बरेचसे प्रवाळाला देते. पाणी फार तापले की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडते आणि पारदर्शक कातडीखालचा चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ मेलेला नसतो, उपाशी असतो. टाक्यांमधून दिसले ते असे, की नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी केवळ एक-दोन अंशांनी अधिक काळ तापलेले राहिले तरी विरंजन सुरू होते. मूळच्या उष्ण एनिवेटोक बेटावरचे प्रवाळ हवाईच्या प्रवाळांपेक्षा वरचे तापमान सोसत होते. म्हणजे मर्यादा जातीबरोबर गावाचीही असते. आज उपग्रहाच्या मोजमापांवरून विरंजनाचा इशारा देताना उन्हाळी कमाल सरासरीच्या वर १ अंश ही रेघ धरतात, तिच्या मुळाशी असेच प्रयोग आहेत.

पुढे २०१७ मध्ये कोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग, शक्य तितका हुबेहूब, पुन्हा केला. उपसागर तोच, प्रवाळांच्या जातीही त्याच तीन. सुमारे ३१ अंशांच्या पाण्यात १९७० साली तिन्ही जातींतली पहिली वसाहत तिसऱ्या दिवशी मेली होती. २०१७ मध्ये मॉन्टिपोराला १५, पोसिलोपोराला १३ आणि लोबॅक्टिसला १७ दिवस लागले. पांढरे पडणेही उशिरा सुरू झाले. शिवाय पाणी पूर्ववत केल्यानंतर ज्यांच्यावरचे ऊन निम्मे केले, त्यांच्यात मृत्यू १७ टक्क्यांनी कमी झाले. उन्हाचा हा हात दिव्याखालच्या काचपात्रात कळला असता का, याची मला शंका आहे.

हा निबंध प्रथम वाचला तेव्हा मी हरखलो. प्रवाळ शिकले! मग त्यातला सावध भाग वाचला. १९७० मध्ये कनेओहे उपसागरात सांडपाणी सोडले जात होते. १९७७-७८ मध्ये ते बाहेरच्या खोल समुद्राकडे वळवले गेले. सांडपाण्यातल्या नायट्रोजनने प्रवाळ आणि शैवालाचा समतोल आधीच ढासळतो. त्यामुळे लेखकांनीच म्हटले आहे की, या वाढलेल्या सहनशक्तीत पाणी स्वच्छ झाल्याचा मोठा वाटा असू शकेल. मी ज्याला टाकी समजत होतो ती मुळात उपसागराचीच शाखा होती. पंपाने पाण्याबरोबर त्या उपसागराचा इतिहासही आत आणला होता. वालधुनी नदीच्या काठच्या गावात राहणाऱ्याला हे वाक्य पुन्हा वाचावे लागते. आमची घाण वालधुनीतून उल्हास नदीत आणि तिथून खाडीवाटे समुद्राला मिळते. आकाशातला कार्बन कमी करणे एका गावाच्या हातात नाही, पण नाल्याचे पाणी आहे.

त्याच निबंधात हेही आहे की, ही सुधारणा तापमानवाढीच्या वेगाला पुरेल असे दिसत नाही. २०१४ आणि २०१५ च्या उष्ण लाटांत हवाईत ३४ टक्के प्रवाळ मेल्याची आठवण लेखक करून देतात. त्याच बेटावर पुढे ४० टाक्यांत सुमारे दोन वर्षे आणखी मोठा प्रयोग झाला. पाणी २ अंशांनी अधिक गरम आणि सामू ०.२ ने कमी. आकडा लहान दिसतो, पण सामूची मोजपट्टी गुणोत्तरी असल्याने आम्लता दीडपटीहून अधिक वाढते. प्रवाळांबरोबर त्यांच्या कपारींत राहणारे बारीक जीवही मोजले गेले. जातींची संख्या फारशी घटली नाही, मात्र कोण किती, ही वाटणी बदलली. घर शाबूत, भाडेकरू वेगळे.

आपल्या मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात, प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१४ ते २०१९ या काळात तिथे वारंवार झालेल्या विरंजनाचा अभ्यास केला आहे. हे प्रवाळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे हौस म्हणून कुणी पिंपात आणण्याचा प्रश्नच नाही आणि माझ्यासारख्याने तर नाहीच.

पण तिथे रीतसर टाक्या मांडायच्या झाल्या तर हवाईचा आराखडा जसाच्या तसा चालणार नाही. मालवणचा प्रवाळ मे महिन्यात तापतो आणि जूनमध्ये त्याच्यावर गोडे, गढूळ पाणी येते. तापून अशक्त झालेल्या जिवाला लगेच कमी खारटपणा आणि चिखल सोसावा लागतो. ढगांमुळे ऊनही कमी होते, ते कदाचित उपकारकच ठरावे. म्हणून तापक आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याबरोबर कोकणातल्या टाकीला तिसरा नळ लावावा लागेल, जूनच्या पाण्याचा.