खलाशाची उघड्यावरची झोप

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तेथील हेल्स्टन या लहानशा गावाला लागून कल्ड्रोज हा ब्रिटिश नौदलाचा हवाई तळ आहे. अशा तळावरचा एखादा खलाशी एक दिवस जाहीर करतो, की दूरदेशीच्या भूकंपग्रस्तांसाठी आपण अमुक इतक्या रात्री घरात न झोपता उघड्यावर, तंबूत झोपणार. मग त्याचे सहकारी, शेजारी, आप्तेष्ट त्याच्या यादीत आपले नाव लिहितात व नावापुढे दर रात्रीचा आकडा घालतात. मुदत पुरी झाली, की खलाशी आपल्या बिछान्यावर परततो, यादीतील मंडळींकडून पैसे गोळा करतो आणि ती रक्कम मदतसंस्थेच्या स्वाधीन करतो. या प्रकाराचे तेथे कोणाला नवल वाटत नाही. पैशाच्या बोलीवर तेथे लोक मैलोगणती चालतात, पोहतात, दिवसभर मौन पाळतात, डोईवरचे केसही उतरवतात.

आपल्याकडील वाचकाला मात्र यात काहीतरी पोरकट वाटण्याचा संभव आहे. भूकंप कोठे आणि खलाशाची झोप कोठे! पैसे द्यायचे तर सरळ द्यावेत. त्यासाठी कोणी थंडीत कुडकुडण्याचे प्रयोजन काय? शिवाय हा खलाशी. नेल्सनच्या काळात ब्रिटिश युद्धनौकेवर एका माणसाच्या झोळण्याला १४ इंच रुंदीची जागा नेमून दिलेली असे. त्या परंपरेतल्या माणसाने चार रात्री तंबूत काढल्या, तर त्यात शौर्य ते कसले?

आक्षेप अगदीच निराधार नाही. आपत्तीनंतर उघड्यावर येऊन पडलेला माणूस आणि हा खलाशी यांच्या झोपेत साम्य फक्त आभाळाचे. खलाशाच्या रात्री मोजलेल्या असतात. पाऊस वाढला, ताप आला, तर दहा पावलांवर घर आहे. भूकंपग्रस्ताचे दुःख केवळ घर नसण्याचे नसते. पुष्कळदा घर उभे असते आणि त्या घराचेच भय वाटत असते. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा घरे शाबूत असलेल्या कुटुंबांनीही कडाक्याच्या थंडीत अंगणात पथाऱ्या टाकल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला, तेव्हा जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भिंतींनी उन्हापावसापासून राखले, त्यांनीच घात केला. अशा माणसाची झोप कोणत्याही पुरस्कृत रात्रीने अनुभवता येत नाही, आणि ‘आम्ही त्यांचे दुःख भोगून पाहिले’ असा दावा कोणी केला, तर तो दांभिकपणाच म्हणावा लागेल.

परंतु या झोपेचे मोल तिच्यातील क्लेशात शोधणे हीच मुळात चूक आहे. खलाशाने खरे कष्टाचे काम केलेले असते ते झोपण्याचे नव्हे, मागण्याचे. पन्नास-शंभर माणसांपुढे तो स्वतः उभा राहिलेला असतो. पैसे कशासाठी, कोणाकडे जाणार, त्यातून काय घेतले जाणार, या प्रश्नांना त्याला तोंड द्यावे लागते. आणि मुदतीनंतर त्याच माणसांना पुन्हा तोंड दाखवायचे असते. देणारा ओळखीच्या माणसाला देतो, म्हणून देतो. वर्तमानपत्रातील मृतांचा आकडा त्याला जेथवर नेत नाही, तेथवर शेजारच्या परसातला तंबू नेतो. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील कॅप्टन टॉम मूर या ९९ वर्षांच्या निवृत्त सैनिकाने शंभरी पुरी होण्याआधी आपल्या बागेत शंभर फेऱ्या मारण्याचा संकल्प सोडला, आणि आरोग्यसेवेच्या मदतनिधीसाठी तीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्या फेऱ्यांनी एकही रुग्ण बरा होणार नव्हता, हे देणाऱ्यांना कळत नव्हते असे थोडेच आहे?

याच हेल्स्टन गावात २००० साली ‘शेल्टरबॉक्स’ ही संस्था निघाली. तिची कल्पना नौदलातून निवृत्त झालेल्या एका पाणबुड्याची होती आणि तिला आधार गावच्या रोटरी क्लबाचा. कल्पना साधी होती. एका मोठ्या पेटीत एका कुटुंबाचा तात्पुरता संसार भरायचा : दहा माणसे मावतील असा तंबू, पांघरुणे, चूल, स्वयंपाकाची भांडी, पाणी शुद्ध करण्याचे साधन, हातोडी-करवतीसारखी हत्यारे आणि मुलांसाठी रंगवायची पुस्तके. रिकामी पेटीही पाणी साठवण्याच्या कामी यावी. या पेट्यांची पहिली खेप कोठे गेली असेल? भारतात. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरला आणि गुजरातेत तेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. जानेवारीच्या थंडीत उघड्यावर पडलेल्या त्या मुलखात कॉर्नवॉलमधून १४३ पेट्या आल्या. विनाशाच्या मानाने ही संख्या नगण्य होती, यात शंका नाही. तरीही १४३ पेट्या म्हणजे १४३ कुटुंबे, एवढा सरळ हिशेब मदतकार्यात क्वचितच मांडता येतो. तंबूत झोपणाऱ्या खलाशाला लोकांसमोर जो हिशेब सांगता येतो, तो हाच.

मात्र पेटी कितीही विचारपूर्वक भरलेली असो, ती भरणारा हजारो मैलांवर बसलेला असतो, आणि मदतीचा पुढचा प्रश्न येथेच सुरू होतो. पाठवणाऱ्याला सोयीचे ते घेणाऱ्याला उपयोगी असतेच असे नाही. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले. ज्यांची घरे वाहून गेली होती, त्यांनी ते नेसले नाहीत. त्यांचे काय चुकले? तंबूच्या बाबतीतही हेच दिसून आले. पुष्कळ कुटुंबांना दूरच्या छावणीतील तंबू नको असतो. आपल्या पडक्या घराशेजारीच, गुरांजवळ, शेताजवळ राहायचे असते. नेपाळात २५ एप्रिल आणि १२ मे २०१५ रोजी दोन भूकंप झाले, सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि पावसाळा तोंडावर आला, तेव्हा डोंगरातल्या खेड्यांना हवे होते ते ताडपत्री, दोर, खिळे आणि पत्रे. शेल्टरबॉक्सनेही पुढे सर्वांना एकच पेटी देण्याचा आग्रह सोडला आणि ताडपत्री, दोर व हत्यारे यांचे वेगळे संच द्यायला सुरुवात केली. जी पेटी संस्थेची ओळख होती, तीच बाजूला ठेवणे सोपे नसते. ते तिने केले, हे कबूल केले पाहिजे.

आपल्याकडे शिक्षक, कारकून आणि इतर नोकरदार आपत्तीच्या वेळी काय करतात? एक दिवसाचा पगार देतात. किल्लारीच्या वेळी दिला, कच्छच्या वेळी दिला. एकत्र केली, तर ही रक्कम खलाशाच्या यादीपेक्षा कितीतरी मोठी भरते, आणि ती देताना कोणी ढोल वाजवत नाही. पण या दानाला चेहरा नसतो. पगारपत्रकात कपातीची एक ओळ उमटते आणि विषय संपतो. पुष्कळांना ती संमती विचारल्याशिवाय झालेली वसुली वाटते. कुरकुर होते ती रकमेपायी नव्हे, कोणी काही सांगत नाही म्हणून. शाळेतली मुले झोळी घेऊन मदतफेरी काढतात, तेव्हा दारोदार जाण्यातून त्यांना काहीतरी कळते. त्यांच्या गुरुजींना आपल्या कपातीतून तेवढेही कळत नाही.

त्यासाठी कोणी कचेरीच्या गच्चीवर झोपायला नको. जमलेल्या पैशातून किती ताडपत्र्या घेतल्या, किती पत्रे घेतले, ते कोणत्या तालुक्यात गेले आणि तेथल्या लोकांनी आधी काय मागितले होते, एवढे एका कागदावर लिहून तो कार्यालयाच्या फलकावर, हजेरीपटाशेजारी लावता येईल.