क्लॅरिनेटवादकाचे वाद्यांतर : एक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सर्वसामान्य श्रोत्यास क्लॅरिनेट हे वाद्य प्रामुख्याने लग्नसमारंभातील व मिरवणुकीतील बँडमुळे परिचित आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मात्र सुषिर वाद्यांच्या विभागातील ते एक प्रमुख वाद्य असून त्याचे वादक आयुष्याचा मोठा काळ एकाच कंपनीच्या वाद्यावर साधना करीत असतात. असा वादक जेव्हा एका कंपनीचे वाद्य सोडून दुसऱ्या कंपनीचे वाद्य स्वीकारतो, तेव्हा ती केवळ खरेदीची बाब उरत नाही. बोटे ठेवण्याची पद्धत तीच, स्वरलिपी तीच, तरीही अनुभवी वादक काही काळ बेसूर का होतो, हा प्रश्न ध्वनिशास्त्र, यंत्ररचना आणि अध्ययनशास्त्र या तिन्ही शाखांच्या सीमेवरचा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इंग्लंडमधील एका ठळक उदाहरणाच्या आधारे केला आहे.

वाद्याची पूर्वपीठिका

क्लॅरिनेटच्या निर्मितीचे श्रेय न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर यास दिले जाते. हा काळ इ. स. १७०० च्या आसपासचा होय. पुढे पॅरिसमधील अध्यापक ह्यासिंत क्लोझे व वाद्यनिर्माता लुई-ओग्युस्त ब्युफे यांनी बासरीसाठी थेओबाल्ड बोएम याने योजलेल्या कड्यांच्या चाव्यांचे तत्त्व क्लॅरिनेटला लागू केले. हे वाद्य १८३९ मध्ये प्रदर्शित झाले व १८४४ मध्ये त्याचे एकस्व घेण्यात आले. फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका येथे हीच 'बोएम पद्धत' रूढ झाली, तर जर्मनी व ऑस्ट्रिया येथे ओस्कार ओहलर याच्या परंपरेतील निराळी पद्धत टिकून राहिली. जर्मन पद्धतीकडून बोएम पद्धतीकडे वळणे म्हणजे बोटांची भाषाच बदलणे होय. परंतु एकाच पद्धतीतील दोन कंपन्यांची वाद्येही परस्परांहून वेगळी वागतात आणि या वेगळेपणाचे मूळ चाव्यांपेक्षा नळीत असते.

बारावा स्वर आणि नळीची भूमिती

बासरी जोराने फुंकली असता मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो. क्लॅरिनेटची नळी मुख्यतः दंडगोलाकार असून रीडच्या बाजूचे टोक ध्वनिशास्त्रदृष्ट्या बंद असल्याप्रमाणे वागते. त्यामुळे तीत विषम स्वरांशांचे प्राबल्य असते व वरच्या पट्टीत मूळ स्वराच्या तिप्पट कंपनसंख्येचा, म्हणजे बारावा स्वर मिळतो. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर मध्य षड्जावरून एकदम तार पंचमावर जाता येते.

ही उडी घडवून आणणारे छिद्र खरे तर प्रत्येक स्वरासाठी निराळ्या ठिकाणी असावयास हवे. प्रत्यक्षात एकच लहान छिद्र सर्व स्वरांसाठी वापरले जाते आणि त्याच छिद्रातून खालच्या पट्टीतील एक स्वरही काढावा लागतो. साहजिकच काही बारावे स्वर गरजेपेक्षा चढे लागतात. ही त्रुटी सौम्य करण्यासाठी निर्माते नळीचा अंतर्व्यास ठिकठिकाणी किंचित बदलतात. ब्युफे क्राम्पों या कंपनीसाठी रोबेर कारे याने १९५५ मध्ये सिद्ध केलेले आर-१३ हे प्रतिमान याच प्रकारचे असून त्याच्या वरच्या भागातील नळी वेगवेगळ्या व्यासांच्या दंडगोलांची बनलेली आहे. अन्य कंपन्यांनी हीच तडजोड निराळ्या रीतीने केली आहे. म्हणजेच प्रत्येक कंपनीचे वाद्य थोडेफार बेसूर असतेच. फक्त कोणता स्वर किती ढळतो, यात भेद असतो.

वाद्याच्या नादात लाकडाचा वाटा किती, यावर वादक व शास्त्रज्ञ यांच्यात दीर्घकाळ मतभेद आहेत. जॉन कोल्टमन याने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आकाराने सारख्या परंतु निरनिराळ्या पदार्थांच्या बासऱ्यांमधील फरक श्रोत्यांना ओळखता आला नाही. नळीचे माप व स्वररंध्रांच्या कडा यांना पदार्थापेक्षा अधिक महत्त्व आहे, असा निष्कर्ष यातून सूचित होतो.

वादकाचे अव्यक्त ज्ञान

निर्मात्याने शिल्लक ठेवलेली त्रुटी वादक भरून काढतो. एखादा स्वर चढा लागत असेल तर ओठांचा दाब किंचित सैल करणे, उतरा असेल तर जिभेची व कंठाची ठेवण बदलणे, एखादे जास्तीचे छिद्र झाकून कंठस्थानचा दुबळा स्वर भरीव करणे, अशा शेकडो दुरुस्त्या तो वर्षानुवर्षांच्या सरावाने आत्मसात करतो. कालांतराने त्या त्याच्या जाणिवेतून नाहीशा होतात आणि केवळ शरीरात उरतात. मायकेल पोलान्यी याने 'द टॅसिट डायमेन्शन' (१९६६) या ग्रंथात ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले आहे, त्याचे हे उत्तम उदाहरण होय.

वाद्यांतराची खरी अडचण येथेच आहे. नव्या वाद्यात जो स्वर मुळातच शुद्ध आहे, त्यालाही वादकाचे ओठ जुनीच दुरुस्ती लावतात आणि शुद्ध स्वर बिघडतो. नवशिक्याला नवीन सवय लावावयाची असते. कुशल वादकाला आधी जुनी सवय ओळखावी लागते. म्हणूनच ज्याचे कौशल्य अधिक, त्याला प्रारंभी अडचणही अधिक, असा विरोधाभास दिसून येतो.

इंग्लंडमधील '१०१०' चे उदाहरण

लंडनच्या बूझी अँड हॉक्स या कंपनीचे '१०१०' हे क्लॅरिनेट १९३० च्या दशकात प्रचारात आले. त्याचा अंतर्व्यास सुमारे १५.२ मि.मी. होता, तर आर-१३ सारख्या फ्रेंच वाद्यांचा तो साधारणपणे १४.६ ते १४.७ मि.मी. असतो. अर्धा मिलिमीटर हे अंतर कागदावर नगण्य भासते. परंतु या रुंद नळीमुळे नाद विस्तृत होई आणि स्वर वाकविण्याची मुभाही अधिक मिळे. जॅक ब्रायमर (१९१५–२००३) यांच्यासारख्या वादकांमुळे हा नाद इंग्लिश क्लॅरिनेटवादनाची ओळख बनला.

बूझी अँड हॉक्सने १९८१ मध्ये ब्युफे क्राम्पों ही फ्रेंच कंपनी ताब्यात घेतली आणि त्याच दशकात १०१० चे उत्पादन थांबले. १०१० च्या माउथपीसची आतील पोकळीही दंडगोलाकार होती. शंकूप्रमाणे निमुळती पोकळी असलेला फ्रेंच माउथपीस त्यावर लावला असता बारावे स्वर बिघडत. त्यामुळे केवळ नळी बदलून भागणारे नव्हते. माउथपीस, रीड, बॅरल आणि फुंकण्याची रीत, सर्वच बदलणे भाग होते. काहींनी जुनी वाद्ये जपली, काहींनी पीटर ईटन यांच्यासारख्या निर्मात्यांची रुंद नळीची वाद्ये स्वीकारली आणि अनेकजण फ्रेंच वाद्यांकडे वळले. या स्थित्यंतरात स्वरशुद्धता व सोय वाढली, हे मान्य करावे लागते. परंतु एका देशाचा ओळखू येणारा नाद क्षीण झाला, हेही तितकेच खरे आहे. हा बदल वादकांच्या अभिरुचीने जितका घडविला, तितकाच कारखान्यातील निर्णयानेही घडविला.

वाद्यांतराची प्रक्रिया

वाद्यवृंदातील वादकास बी-फ्लॅट व ए अशी दोन क्लॅरिनेटे बाळगावी लागतात व बहुधा एकच माउथपीस दोन्हींवर फिरवावा लागतो. त्यामुळे वाद्यांतर हे जोडीचे असते. जाणकार वादक आरंभी आपला माउथपीस कायम ठेवून एकाच प्रतिमानाची अनेक वाद्ये तपासतो, कारण लाकडी वाद्ये एकाच साच्यातली असूनही सारखी नसतात. प्रत्येक बारावा स्वर मापकयंत्रावर पडताळला जातो व दूरवर बसलेल्या सहकाऱ्याचे मत घेतले जाते. कारण वादकाला जवळून ऐकू येणारा नाद व सभागृहात पोहोचणारा नाद यांत अंतर असते. नव्या लाकडाला ओलाव्याने तडा जाण्याचा धोका असल्यामुळे पहिले काही आठवडे रोज थोडाच वेळ वादन करून नळी पुसून कोरडी ठेवावी लागते.

लाकडाचाही एक प्रश्न आहे. क्लॅरिनेटसाठी वापरले जाणारे आफ्रिकी ग्रेनाडिला हे आपल्या शिसमाच्याच, म्हणजे डाल्बर्जिया, प्रजातीतील आहे. २०१७ पासून ही संपूर्ण प्रजाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आली; २०१९ च्या परिषदेत तयार वाद्यांना बहुतांशी सूट देण्यात आली.

निष्कर्ष

१. एकाच पद्धतीच्या क्लॅरिनेटमधील कंपनीपरत्वे आढळणारा भेद हा प्रामुख्याने नळीच्या भूमितीतून उद्भवतो.

२. वादकाचे कौशल्य अमूर्त नसून ते विशिष्ट वाद्याच्या विशिष्ट त्रुटींशी बांधलेले असते.

३. वाद्यांतराच्या काळातील घसरण ही कौशल्याची उणीव नसून जुन्या कौशल्याचा अवशेष होय.

४. निर्मितिसंस्थेच्या व्यापारी निर्णयाने एखादी वादनपरंपरा पुसली जाऊ शकते.

संगीताच्या अध्यापकांच्या दृष्टीने यातील तिसरा निष्कर्ष विशेष महत्त्वाचा आहे. वाद्य बदललेल्या विद्यार्थ्याचा सूर ढळला असता त्याच्या तयारीवर शंका घेण्यापूर्वी, तो कोणत्या जुन्या वाद्याची दुरुस्ती नव्या वाद्यावर करीत आहे, हे शोधणे अधिक उचित ठरेल.