कोचीची मोटारफेरी आणि स्थलनामांचा अर्थ

प्राचीन बंदर असलेल्या नगरांत उतरणारा प्रवासी अलीकडे पायी फार हिंडत नाही. चालकासह मोटार ठरवावी, चार-पाच तासांत ठरलेली स्थळे पाहावीत व परतावे, असा परिपाठ पडला आहे. कोची हे अशा फेरीचे नमुनेदार उदाहरण होय. विलिंग्डन बेटावरून निघालेली मोटार पूल ओलांडून मट्टांचेरी व फोर्ट कोची या जुन्या भागांत येते. तेथे राजवाडा, ज्यूंचे प्रार्थनामंदिर, सेंट फ्रान्सिसचे चर्च, समुद्रकाठची चिनी जाळी आणि धोबीखाना ही स्थळे बहुधा याच यादीने, क्रम थोडाफार बदलून, दाखविली जातात. पर्यटनशास्त्राच्या दृष्टीने यात विशेष काही नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र ही फेरी विचार करावयास लावणारी आहे.

खाजगी फेरीत चालक हाच माहितगार असतो. वास्तूच्या आत तो सहसा येत नाही. मोटार सावलीत लावून बाहेर थांबतो. त्यामुळे त्याचे सर्व निवेदन दोन थांब्यांमधल्या अवकाशात, म्हणजे काही मिनिटांत, उरकावे लागते. मट्टांचेरी ते फोर्ट कोची हे अंतर जेमतेम दोन-तीन किलोमीटरांचे. एवढ्या वेळात इतिहास सांगणे शक्य नाही. नाव सांगणे शक्य असते. साहजिकच इतिहासाचा सगळा भार नावांवर पडतो आणि प्रवासी नावालाच इतिहास समजून घरी जातो.

आपल्या शास्त्रकारांनी शब्दांचे रूढ, यौगिक आणि योगरूढ असे भेद केले आहेत. ज्याचा अर्थ अवयवांवरून कळतो तो यौगिक, ज्याचा केवळ प्रघातावरून कळतो तो रूढ, आणि 'पंकज' या शब्दाप्रमाणे ज्यात दोन्ही मिसळलेले असतात तो योगरूढ. हा भेद कोचीच्या मोटारीत पदोपदी उपयोगी पडतो. मट्टांचेरीचा राजवाडा 'डच पॅलेस' या नावाने दाखविला जातो. वास्तविक तो पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला. डचांनी १६६३ नंतर त्याची डागडुजी केली व त्यात भर घातली. गावच्या माणसाला 'डच पॅलेस' हा रूढ शब्द आहे. तो उच्चारताना त्याला डचांची आठवण होत नाही, जशी पुणेकराला 'शनिवारवाडा' म्हणताना वाराची होत नाही. पाहुणा तोच शब्द यौगिक म्हणून ऐकतो आणि डचांनी बांधलेला वाडा असा अर्थ करतो. चालक खोटे बोलत नाही व प्रवासीही मूर्ख नाही. एकच शब्द दोघे दोन वृत्तींनी वापरतात, एवढेच. परंतु परिणाम असा होतो की भिंतींवरील रामायणाची चित्रे पाहतानाही पाहुण्याच्या मनात हॉलंड असते.

सेंट फ्रान्सिसच्या चर्चची गोष्ट याहून गुंतागुंतीची. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला व येथे पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. चर्च पोर्तुगीजांकडून डचांकडे आणि पुढे इंग्रजांकडे गेले. पोर्तुगीज काळात ते सेंट अँथनीच्या नावाने होते; आजचे नाव इंग्रजी अमदानीतले मानतात. म्हणजे ज्या नावाखाली गामाची रिकामी कबर आज दाखविली जाते, ते नाव गामाने कधी ऐकले नसणार.

'परदेशी' हा शब्द मराठी वाचकाला विशेष परिचयाचा वाटेल. मट्टांचेरीचे १५६८ चे ज्यू प्रार्थनामंदिर 'परदेशी' म्हणून ओळखले जाते. येथे परदेशी म्हणजे भारताबाहेरचे ज्यू एवढाच अर्थ नाही. मलबारात त्यापूर्वी अनेक शतके वसलेल्या, मल्याळम बोलणाऱ्या ज्यूंहून निराळे, स्पेन आदी देशांतून सोळाव्या शतकात आलेले ते परदेशी. म्हणजे हा शब्द एका समाजाची दुसऱ्यापासून ओळख सांगतो. त्यात मानापमानाचा, विवाहसंबंधांचा आणि वर्णाचा मोठा झगडा दडलेला आहे. १९४८ नंतर दोन्ही समाजांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. दुसरा पक्षच उरला नाही, म्हणून शब्दातला विरोधही विझला. आता मोटारीत 'परदेशी' म्हणजे नुसते 'विदेशी' असे भाषांतर होते. पुढे लगेच कँटनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांचे वाक्य येते: कोणत्याही दोन फरशा सारख्या नाहीत. हे वाक्य बहुतेक फेऱ्यांत जवळजवळ अक्षरशः तेच असते. फरशा एकमेकींसारख्या नसतील, निवेदने मात्र आहेत!

समुद्रकाठच्या जाळ्यांना मल्याळममध्ये 'चीनवल' म्हणतात, 'वल' म्हणजे जाळे. ती थेट चिनी दर्यावर्दींनी आणली की पोर्तुगीजांनी मकावहून, याविषयी मतभेद आहेत. 'चीन' हे विशेषण कढईला आणि बरणीलाही मल्याळममध्ये लागते. अशा विशेषणावरून वस्तूचे मूळ सिद्ध होत नाही. बोलणाऱ्यांना ती कोठली वाटली एवढेच सिद्ध होते. आपली 'विलायती चिंच' मध्य अमेरिकेकडची आहे, विलायतेशी तिचा संबंध नाही. धोबीखान्याविषयी एकच नोंद पुरे: नाव हिंदुस्तानी, कपडे धुणारे वण्णार तमिळ बोलणारे, आणि भूमी मल्याळमची.

येथवर नावांचा विचार झाला. याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ज्याला दाखविण्याजोगी वास्तू नाही त्याचे काय? मोटारीची फेरी डोळ्यांसाठी आखलेली असते. कानाला तिच्यात जागा नाही. कोचीत पोर्तुगीजांच्या मागे जे खरोखर टिकले ते दगडापेक्षा शब्दांत. मल्याळममधील 'जनल' (खिडकी), 'मेश' (मेज), 'कसेर' (खुर्ची), 'लेलम' (लिलाव) हे त्यांचेच. मराठीतील मेज व लिलाव त्यांचीच भावंडे. 'कक्कूस' हा शौचालयाचा शब्द डचांचा. प्रवासी ज्या खिडकीतून राजवाडा पाहतो त्या खिडकीचे नाव राजवाड्याहून कमी ऐतिहासिक नाही, पण ते कोणी सांगत नाही.

आणि पोर्तुगीजपासून घडलेली एक संपूर्ण बोलीच कोचीत होती. डचांच्या काळातही ती व्यवहारात होती. ह्यूगो शुखार्ट या विद्वानाने १८८० च्या दशकात तिच्यावर लिहिले. तिचा अखेरचा सफाईने बोलणारा भाषक वैपिन बेटावर २०१० मध्ये निवर्तला. फोर्ट कोचीहून होडीने काही मिनिटांत तेथे जाता येते. ज्या वर्षांत जुन्या कोचीच्या फेऱ्या भरभराटीला आल्या, त्याच वर्षांत समोरच्या काठावर ही बोली संपत होती. फेरीमुळे ती संपली असे नव्हे. पण फेरीच्या यादीत तिला कधी स्थान मिळाले असते असेही दिसत नाही.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रात आहे. चौलजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये संपली, तरी तेथील ख्रिस्ती वस्तीत तिच्यापासून निपजलेली बोली अद्याप घरात बोलली जाते. मराठीच्या सहवासात तिची वाक्यरचना पालटली आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊ लागले. कोर्लईचा किल्ला पाहणारे पुष्कळ. खालच्या गावातले बोलणे ऐकण्यासाठी थांबणारे थोडे.

कोचीतील कोंकणी भाषकांविषयीही असेच म्हणावे लागते. गोव्यातील छळामुळे सोळाव्या शतकात जे सारस्वत इकडे आले त्यांची वस्ती व देवस्थान मट्टांचेरीच्या परिसरात, राजवाड्यापासून फार दूर नाही. डच अधिकारी व्हान रीड याने 'होर्टुस मलाबारिकुस' हा वनस्पतींवरील बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविला; तो आम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघांचे १६७५ चे कोंकणी प्रमाणपत्र नागरी अक्षरांत आहे. छापील नागरीच्या इतिहासातील हा आरंभीचा दस्तऐवज कोचीत लिहिला गेला. फेरीच्या यादीत त्याचे नाव नाही, कारण त्याच्यासमोर मोटार उभी करता येत नाही.