माशांच्या पोटातलं विरजण

तेलंगणात २०१६-१७ पासून सरकार तलावांत मोफत मत्स्यबीज सोडतं. ते पाहून आदिलाबादच्या आमच्या मामांनीही शेततळ्यात रोहू-कटला सोडले. मासे जरा मंदावले की खाद्यात अँटिबायोटिक मिसळायचं, ही त्यांची सवय. पण त्याने आतड्यातले उपकारक जिवाणूही मरतात, आणि उरलेले रोगजंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत. कार्प माशांच्या आतड्यातला सेटोबॅक्टेरियम तर बी-१२ जीवनसत्त्व तयार करतो! बॅसिलस, लॅक्टोबॅसिलससारखे प्रोबायोटिक जिवाणू खाद्यातून दिले, तर पचनाला मदत होते आणि रोगजंतूंना जागा कमी उरते. मात्र पाणी घाण आणि मासे दाटीवाटीने असतील, तर कोणतीही पुडी पुरी पडत नाही.

“म्हणजे आपल्या ताकासारखंच की!” मामी म्हणाली.

यंदा मामांनी औषधाआधी पाणी तपासून घेतलं.